ओहायोच्या काकांचा रकाना

मला काढून टाकायला आवडतं. जुने चार्जर, जोडी हरवलेले मोजे, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातल्या चटण्या, दोन वर्षांत ज्यांचा फोन आला नाही त्यांचे नंबर. पसारा दिसला की माझं डोकं तापतं, आणि तो गेला की मला सडकून भूक लागते. नवरा म्हणतो, "यार, या घरात एका जागी फार वेळ बसायची भीती वाटते, मलाही टाकशील." सासूबाई काही म्हणत नाहीत. माझी पाठ वळली की टाकलेल्यातलं अर्धं उचलून, धुऊन, पुसून त्या परत कपाटात ठेवतात.

त्यामुळे दोन हजार चार साली ऑफिसात सबस्क्रिप्शनं काढून टाकायचं काम निघालं, तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यात आधी माझा हात वर गेला. असलं काम कुणी मागून घेत नाही. मी मागून घेतलं. आणि त्या कामात मी एका माणसाची आठ वर्षांची मेहनत वीस मिनिटांत पुसून टाकली. ती परत मिळाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण कशी मिळाली, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, वेस्ट विंडसरला नुकतंच घर घेतलं होतं. माझं ऑफिस तिथून कारने पंधरा मिनिटांवर. कंपनी व्हीलचेअर आणि त्यांचे सुटे भाग विकायची. कुणाला कोणती खुर्ची दिली, तिला कोणतं चाक, कोणता ब्रेक, हे सगळं आमच्या मुख्य डेटाबेसमध्ये असायचं आणि त्याची राखण माझ्याकडे. पूर्वी इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून गावोगावच्या शाखांमध्ये एकेक मशीन ठेवलेलं होतं आणि त्यावर मुख्य डेटाबेसची एकेक कॉपी होती. इकडे काही बदललं की ते आपोआप तिकडच्या कॉपीत जायचं. त्या व्यवस्थेला म्हणतात सबस्क्रिप्शन. पेपर लावतो ना आपण, तसंच. एकदा लावला की रोज दारात येऊन पडतो.

आता पेपर लावलेलं घर बंद करून माणसं निघून गेली आणि पेपरवाल्याला कुणी सांगितलंच नाही, तर काय होईल? आमच्या गल्लीत एक घर विकायला काढलेलं होतं, त्याच्या ड्राइव्हवेवर निळ्या पिशव्यांतल्या पेपरांचा ढीग साठला होता. मी येताजाता तो बघून चरफडायचे. आमच्या कंपनीचं तेच झालेलं. शाखा एकेक करून बंद झाल्या, मशीनं भंगारात गेली, पण सबस्क्रिप्शनं कुणी बंद केलीच नाहीत. मुख्य सर्व्हर बापडा त्या नसलेल्या मशीनांसाठी एकेक बदल जपून ठेवत होता, कधीतरी येतील आणि घेऊन जातील म्हणून. त्याची डिस्क भरत आली होती. दिवाळीच्या सुमारास आम्ही नव्या सर्व्हरवर जाणार होतो, त्याआधी हे सगळं साफ करायचं होतं.

बॉसने बंद शाखांची यादी दिली. बावीस नावं. बॉस म्हणजे सहा फुटी, गोरापान, दिवसभर पिशवीतून छोटी गाजरं काढून कुरकुर खाणारा माणूस. म्हणाला, "घाई नाही, पण सांभाळून." मला म्हणे सांभाळून. मी नागपूरची. त्या उन्हात ज्यांनी कूलरमध्ये पाणी भरत दिवस काढलेत, त्यांना कुणी सांभाळून म्हणू नये.

त्याच आठवड्यात आमच्याकडे गणपती होते. दीड दिवसाचे. विसर्जनाच्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतलेली, तीनला परत मीटिंग. मागच्या अंगणात टबात पाणी भरून ठेवलं होतं. आरती झाली, प्रसाद झाला, मी घड्याळ बघितलं आणि मूर्तीला हात घातला. सासूबाईंनी माझं मनगटच धरलं.

"अगं, थांब. उत्तरपूजा कुठे झाली?"

"आई, मला पळायचंय."

"पळ ना, कोण अडवतंय. आधी अक्षता वाहायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. मग थोडं थांबायचं. मग उचलायची."

"मध्ये थांबायचं कशाला?"

"कुणाचं काही राहिलं असेल तर?"

हे शास्त्रात आहे की त्यांनी त्याच क्षणी रचलं, मला माहीत नाही. सासूबाई पुण्याच्या, त्यांच्याशी वाद घालून मी आजवर जिंकलेली नाही. त्यांनी अक्षता वाहिल्या, मूर्ती बोटभर हलवली आणि आम्ही थांबलो. मी मनात मीटिंगची माफी मागत होते. तेवढ्यात समोरच्या घरातल्या काकू मोदकांचा डबा घेऊन धापा टाकत आल्या. "झालं नाही ना अजून? माझा नमस्कार राहिला होता." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. न बघता जिंकायची त्यांची ही पद्धत मला आजही सहन होत नाही.

पण गाडी चालवताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी बॉसला सांगितलं, की मी सबस्क्रिप्शन एकदम काढणार नाही. आधी नुसतं थांबवीन. म्हणजे पेपर बंद, पण नाव यादीत राहील. तीन दिवस वाट बघायची. कुणी ओरडलं नाही तर मग काढायचं. याला आमच्यात उत्तरपूजा म्हणतात. बॉसला ते भलतंच आवडलं. फळ्यावर बावीस गावांची नावं लिहून त्यापुढे त्याने उत्तरपूजेची तारीख असा रकाना आखला आणि रोज सकाळी गाजर खात विचारायला लागला, "आज कुणाची उट्टरपूजा?"

एकवीस गावं बिनबोभाट गेली. एकाही ठिकाणी कुणी हूं की चूं केलं नाही. रोज एकदोन नावं फळ्यावरून पुसली जायची आणि मी डब्यातली चौथी पोळीसुद्धा संपवायचे. डिस्क मोकळी व्हायला लागली. मला वाटलं, आपला जन्म याचसाठी झालाय.

बाविसावं नाव ओहायोमधल्या एका छोट्या गावाचं होतं. यादीप्रमाणे शाखा बंद होऊन दोन वर्षं झालेली. पण गंमत म्हणजे तिकडचं मशीन जिवंत होतं. दर पंधरा मिनिटांनी येऊन आपला पेपर घेऊन जात होतं, ढीग म्हणून नाहीच. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी म्हटलं, कुठल्यातरी कुलूपबंद खोलीत एक मशीन चालू राहिलं असेल, बंद करायला कुणी उरलं नसेल. मंगळवारी सकाळी मी ते थांबवलं.

पावणेबाराला फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा आवाज, अगदी संथ. दोन शब्दांच्या मध्ये चहा पिऊन होईल असा.

"मॅम, सकाळपासून मला नवीन काही दिसत नाहीये. तुमच्याकडे काही झालंय का?"

मग हळूहळू कळलं ते असं. शाखा बंद झाली होती, पण इमारतीतली मागची एक खोली कंपनीने ठेवली होती. कंपनीने ज्या खुर्च्या बनवायच्या बंद केल्या होत्या, त्यांचे सुटे भाग तिथे होते, आणि ते सांभाळायला हा माणूस. पूर्वीचा शाखेचा मॅनेजर. त्या भागातली जुन्या खुर्च्यांवरची माणसं अजून थेट त्यालाच फोन करायची. तो कॉपीत बघून भाग शोधायचा, खोक्यात भरायचा, पाठवायचा. यादी करणाऱ्याने इमारत बंद बघितली, खोली बघितली नाही.

मी खूश. उत्तरपूजा फळाला आली होती, कुणाचंतरी राहिलं होतं आणि ते वेळेत कळलं. मी म्हटलं, काळजी करू नका, आत्ता सुरू करते. ते म्हणाले, "जसं होतं तसं सुरू केलंत तरी पुरे."

जसं होतं तसं. एवढं साधं सांगितलं होतं त्या माणसाने. पण माझा स्वभाव आडवा आला. ते सबस्क्रिप्शन उघडून बघते तर जुनाट, धुळकट, कुणीतरी केव्हातरी हाताने ठोकठाक करून जोडलेलं. मला ते बघवेना. म्हटलं, आता हात लावलाच आहे तर जुनं काढून नवीन छान लावून देऊ. तिकडे सगळी कॉपीच ताजी ओतू. याला स्नॅपशॉट म्हणतात. तो तिकडचे तक्ते पुसतो आणि मुख्य डेटाबेसमध्ये जसे आहेत तसे नव्याने भरतो. मी क्लिक केलं, वीस मिनिटं लागतील असं दिसलं, आणि मी डबा खायला गेले. त्या दिवशी डब्यात थालीपीठ होतं, तेही मला आठवतं.

एक वाजता परत फोन.

"मॅम, माझा शेवटचा रकाना कुठे गेला?"

"कोणता रकाना?"

"नोंदींचा."

मुख्य डेटाबेसमध्ये ग्राहकांच्या तक्त्यात नोंदींचा रकाना नव्हताच. कधीच नव्हता. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे नाही. माझ्याकडे होता." आठ वर्षांपूर्वी त्यांनी कुणा कंत्राटी माणसाकडून आपल्या कॉपीत शेवटी एक जादा रकाना घालून घेतला होता. फोनवर जे कळेल ते त्यात लिहायचे. इकडून येणारे बदल बाकीच्या रकान्यांत पडायचे, तो रकाना आपला सुखरूप असायचा. स्नॅपशॉटने तक्ताच नवा केला आणि रकाना गेला.

आणि मी काय करावं? मी भांडायला लागले. कॉपी ही कॉपी असते, कॉपीत कुणी लिहितं का, असं करायचंच नसतं, कुणाला विचारून केलंत, आम्हाला कळवायला नको का, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, पण त्या दिवशी ते नागपूरच्या बर्डीच्या बाजारातल्या गर्दीसारखं पुढे पळत होतं. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकताय ना?"

"हो, मॅम. तुमचं होऊ द्या."

मग माझं झालं.

ते म्हणाले, "आत्ता एका बाईंचा फोन आला होता, ब्रेक तुटलाय. त्यांचा डावा हात चालत नाही, म्हणून आम्ही दोन्ही ब्रेक उजवीकडे बसवलेत. एवढं मला आठवतं. केबल किती लांबीची लागते ते लिहून ठेवलं होतं. आखूड पाठवली तर त्यांना बरोबर केबल येईपर्यंत खाटेवरून उठता येणार नाही." मग म्हणाले, "अशा नऊशेच्या वर नोंदी होत्या."

मी विचारलं, बॅकअप? टेप होती. दोन वर्षं मशीनमध्ये तीच टेप फिरत होती, बदलायला कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती वाचून बघितली. कोरी म्हणावी तर तेही नाही, नुसता कचरा निघाला.

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला स्वतःचा राग येतो, म्हणजे दोन्ही एकदम चालू. बॉसच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने हातातलं गाजर टेबलावर ठेवलं. त्याला गाजर खाली ठेवताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. एवढंच म्हणाला, "त्या रकान्याची आपल्याला कल्पनाच नव्हती. पुढे काय करतेस?"

घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता सुनावतील. त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "हलवून थांबलीस ते बरोबर केलंस. मग त्यांनी जसं होतं तसं म्हटल्यावर तुला कोणी सांगितलं होतं आवराआवर करायला?" हे सुनावणंच होतं, पण भात वाढता वाढता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओहायोला फोन लावला. माफीचं भाषण तयार केलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रात्री विचार केला, मॅम. तुम्ही नावं वाचा, मी सांगतो."

"काय सांगता?"

"नोंदी. मला नंबर लक्षात राहत नाहीत, पण माणसं राहतात. नाव ऐकलं की आठवेल."

"नऊशे माणसं?"

"मला कुठे जायचंय."

त्यांना दुपारी चारनंतर फोन कमी यायचे. म्हणून चारची वेळ ठरली, रोज एक तास. पण या वेळी मी एक गोष्ट आधी केली. बॉसकडे जाऊन मुख्य डेटाबेसमध्येच नोंदींचा रकाना मागितला. तो घातला, म्हणजे आता नोंद इकडे लिहायची आणि ती सगळीकडे जाणार. नवीन रकाना नीट चालतो का हे बघायला मी ग्राहकांच्या तक्त्यात एक खोटी ओळ टाकली. नाव माझं, पत्ता वेस्ट विंडसरचा, खुर्चीचा प्रकार म्हणून ऑफिसातली. ओळ इकडून ओहायोच्या कॉपीत गेली, दिसली, झालं. नंतर काढू म्हटलं.

आणि चारचे फोन सुरू झाले. मी नाव वाचायचे. पलीकडून तो संथ आवाज.

"यांना उजवं चाक एक नंबर लहान लागतं. घराचा उतार तिरका आहे, उतार दुरुस्त करायला ऐकत नाहीत."

"यांना ऐकू येत नाही. पार्सल आणणाऱ्याने खिडकीवर टकटक करायची. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही."

"यांच्या बायकोची चौकशी करू नका. गेली ती. स्वतः सांगतात तेव्हा ऐका."

"या आजी गादी निळीच मागतील. निळी नसेल तर आधी फोन करा, परस्पर काळी पाठवू नका."

मी टाइप करत जायचे. पहिल्या दिवशी वीस नावंच झाली, कारण मी प्रत्येक वेळी मध्ये बोलायचे. हळूहळू गप्प बसायला शिकले आणि दिवसाला चाळीस व्हायला लागली. ब्रेकवाल्या बाईंची केबल तर त्यांनी त्या मंगळवारीच बाईंच्या शेजाऱ्याला खुर्चीजवळ मोजपट्टी घेऊन बसवून, फोनवर मोजून घेऊन पाठवली होती. ती बरोबर बसली असा निरोप आला तेव्हा मी डब्यातलं इतक्या दिवसांत पहिल्यांदा चवीने खाल्लं.

एकदा एक नाव वाचल्यावर ते म्हणाले, "हे गेले, गेल्या वर्षी."

मी लगेच, "मग काढू का यादीतून?"

"नको. त्यांची मुलगी फोन करते कधीकधी. भाग नको असतात तिला. बाबांची खुर्ची कोणती होती, कोणत्या रंगाची होती, असं काहीतरी विचारते. ते सापडायला हवं."

मी काढायच्या बटणावरचा हात मागे घेतला. आणि तोवर मी अशा गेलेल्या लोकांची म्हणून जी वेगळी यादी करत होते, ती यादीच पुसून टाकली. सवय कुठेतरी वापरायला हवी ना.

शुक्रवारी मी घरून काम करायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, कानाला फोन. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसायच्या. त्यांना इंग्रजी बऱ्यापैकी कळतं, फक्त बोलायची वेळ आली की कळत नाही. फोन ठेवला की विचारायच्या, "काय म्हणाले तुझे ओहायोचे काका?" मी सांगायचे. निळ्या गादीच्या आजी त्यांच्या अगदी लाडक्या झाल्या. "मिळाली का गं तिला निळी?" हे त्या नवऱ्यालासुद्धा विचारायच्या, आणि त्याला काही पत्ता नसायचा.

मी काकांना उत्तरपूजेचं सांगितलं होतं. मूर्ती हलवायची, थांबायचं, कुणाचं राहिलंय का बघायचं. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या सासूबाई आमच्याकडे असत्या तर ही शाखा बंद झाली नसती." हे मी घरी येऊन शब्दशः सांगितलं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी बेसन भाजायला घेतलं. दिवाळीला अवकाश होता, पण लाडवांचं पार्सल ओहायोला गेलं. चार दिवसांनी काका म्हणाले, "मॅम, यातला एक किती दिवसांत खायचा असतो? माझे दोन उरलेत." एकवीस पाठवले होते.

पाचव्या आठवड्यात नावं संपली. सात माणसं मात्र काही केल्या त्यांना आठवली नाहीत. एरवी कधी न डगमगणारा तो आवाज तेव्हा थोडा ओशाळला. म्हणाले, "वय झालं." मी म्हटलं, नऊशेत सात विसरलात, मी नवऱ्याने सांगितलेल्या दोनातलं एक विसरते. ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग त्यांनी त्या सातांना स्वतः फोन केले आणि सरळ सांगितलं, तुमची नोंद आमच्याकडून गेली, परत सांगता का. सातही जणांना आनंद झाला. एकाने तर तासभर सांगितलं आणि वर म्हणाला, इतकी वर्षं मला कुणी पहिल्यापासून विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काकांचाच फोन आला. "आता सगळं तुमच्याकडे आहे. मी मुख्य डेटाबेसमध्येच बघतो, चांगलं चालतं. ही माझी कॉपी काढून टाका."

बाविसावं नाव अजून फळ्यावर होतं. मला ते पुसायची अजिबात घाई नव्हती, हे माझंच मला नवल वाटलं. मी सबस्क्रिप्शन थांबवलं. तीन दिवस थांबले. कुणाचं काही राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी चारला फोन लावला, म्हटलं, काढते आता. ते म्हणाले, "तुमच्यात अशा वेळी काही म्हणतात का?"

"पुन्हा या, असं म्हणतात."

"मग म्हणा की."

बॉस दारात उभा होता. ऑफिसात, मराठीत, एका सबस्क्रिप्शनला मी "पुन्हा या" म्हटलं आणि बटण दाबलं. फळ्यावरचं नाव बॉसने पुसलं.

आम्ही नव्या सर्व्हरवर गेलो. नोंदींचा रकाना आता आमच्या फोन घेणाऱ्या सगळ्या माणसांना दिसायला लागला. आधी ती हसली, कुत्रा चावत नाही म्हणे. मग महिन्याभरात तीच लिहायला लागली. काका आणखी दोन वर्षं राहिले आणि मग निवृत्त झाले. मागची खोली सुटली, भाग इकडे आले. सासूबाईंनी त्यांना परत लाडू पाठवले, या वेळी एकतीस.

दोन हजार आठमध्ये परत सर्व्हर बदलायची वेळ आली आणि परत साफसफाई निघाली. हात अर्थात माझाच वर. कुणी कुणी चाचणीसाठी टाकलेल्या खोट्या ओळी काढायच्या होत्या. मी यादी काढली. त्यात चार वर्षांपूर्वीची माझीच ओळ होती. नाव माझं, पत्ता वेस्ट विंडसरचा, खुर्ची ऑफिसातली. नंतर काढू म्हटलेलं, राहून गेलेलं. मला, म्हणजे मला, काढायचं राहून गेलं.

मी ती निवडली. काढायच्या आधी सवयीने शेवटच्या रकान्यात बघितलं. तिथे मी चाचणीचे दोनतीन शब्द टाकले होते, ते नव्हते. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, त्याच संथ माणसाने, जसं बाकीच्या नऊशेंचं लिहिलं होतं तसं:

"दुपारी चारला फोन करते. स्वतःची चूक असली की आधी भांडते, मग फार भरभर बोलते. मध्ये तोडू नका, होऊ द्या तिचं. नंतर सगळं स्वतः नीट करते. लाडू पाठवले तर नाही म्हणू नका."

मी ऑफिसात सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले, आणि राग मात्र आला नाही. बॉस गाजर खात आला, स्क्रीनवर वाकून त्याने वाचलं आणि विचारलं, "ही खोटी ओळ आहे ना, काढायची ना?"

"खोटी नाही," मी म्हटलं, "ग्राहक आहे." ती ओळ नव्या सर्व्हरवर गेली.